काळी मेंदी, खरी मेंदी आणि नीळ: एका शिक्षिकेच्या केसांचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं गाव. तिथल्या माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या ५३ वर्षांच्या एक शिक्षिका. त्यांचं नाव, गाव आणि ओळख पटेल असा तपशील इथे वगळला आहे. शाळेतली मुलं हाक मारतात तसा पुढे त्यांचा उल्लेख 'बाई' असाच येईल.

बाईंचे केस खांद्याखाली चार बोटं, मध्यम जाड, किंचित कुरळे. कपाळावरचे आणि कानशिलांवरचे केस जवळजवळ सगळे पांढरे, मागचे निम्मे. सात-आठ वर्षं त्या दर तीन आठवड्यांनी घरीच 'काळी मेंदी' लावत होत्या. किराणा दुकानात मिळणारी छोटी पुडी पाण्यात कालवायची, अर्ध्या तासाने धुवायची, की केस काळेभोर. "मी डाय लावत नाही, मेंदी लावते," असं त्या सांगत, आणि ते त्यांना मनापासून खरं वाटत होतं. पुडीवर मेंदीच्या पानांचं चित्र होतं, 'हर्बल' असंही छापलेलं होतं.

सगळ्या प्रकरणाचं मूळ या समजुतीत आहे. मेंदीच्या पानात रंग देणारं द्रव्य म्हणजे लॉसोन. वाळलेल्या पानात ते साधारण १ ते २ टक्के असतं. ते केसातल्या केराटिन या प्रथिनाला घट्ट चिकटतं आणि नारिंगी-तांबूस रंग देतं. लोखंडी कढईत भिजवा, चहाचं पाणी घाला, कात घाला, रात्रभर ठेवा. छटा गडद होईल, पांढऱ्या केसावर काळा रंग येणार नाही. तो मेंदीत नाहीच. अर्ध्या तासात पांढरा केस काळा करणारी पावडर म्हणजे पॅराफेनिलिनडायअमिन, थोडक्यात पीपीडी, हा रासायनिक रंग. त्यासोबत बेरियम पेरॉक्साइडसारखा ऑक्सिजन देणारा घटक असतो. पाणी पडलं की दोघांची क्रिया सुरू होते आणि केसाच्या आत काळा रंग तयार होतो. अशा पुडीत मेंदीची भुकटीही असते, पण काळा रंग ती देत नाही.

काय बिघडलं

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी बाईंनी नेहमीसारखी पुडी लावली. रात्री डोक्याला खाज सुटली. सोमवारी कानामागे आणि मानेवर लाल पुरळ आलं. मंगळवारी सकाळी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे जेमतेम उघडत होते. कपाळाच्या कडेने बारीक फोड आले आणि त्यातून पाणी झिरपत होतं. दहावीची परीक्षा तोंडावर आलेली, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात मुलीचं लग्न ठरलेलं.

घरच्यांनी आधी कोरफडीचा गर लावला, मग खोबरेल तेल. त्याने ना आराम पडला, ना निदान पुढे सरकलं. बुधवारी जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. डॉक्टरांनी तोंडाने घ्यायचं स्टेरॉइड थोड्या दिवसांसाठी दिलं, लावायचं मलम दिलं आणि डोक्याला पाण्याशिवाय काहीही लावायचं नाही असं बजावलं. श्वास लागणं किंवा जीभ-ओठ सुजणं यातलं काही नव्हतं. असतं, तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावं लागलं असतं.

डॉक्टरांनी पुडी मागितली. ती कचऱ्यात गेली होती. तीच जात, तोच ब्रँड पुन्हा मिळवून आणायला दहा दिवस गेले. मागच्या बाजूला बारीक अक्षरात पीपीडी लिहिलेलं होतं. सोबत आपल्याकडच्या नियमांनुसार छापावा लागणारा इशाराही होता: काही जणांच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी घ्या, भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. सात-आठ वर्षांत तो एकदाही वाचला गेला नव्हता. चाळिशीनंतरच्या डोळ्यांना चष्म्याशिवाय तो वाचताही येत नाही, हेही इथे नोंदवायला हवं.

निदान

"इतकी वर्षं लावते, कधी काही झालं नाही, मग आत्ताच का?" हा बाईंचा पहिला प्रश्न. ही विलंबाने उमटणारी अ‍ॅलर्जी आहे. शरीर पीपीडीला परकं मानायला शिकतं ते हळूहळू, अनेक वेळा संपर्क आल्यावर. एकदा शिकलं की विसरत नाही. नीट विचारल्यावर बाईंना आठवलं की गेलं वर्षभर लावल्यानंतर दोन दिवस कानामागे खाज येत होती. ती त्यांनी कोंड्यावर ढकलली, उन्हाळ्यात घामावर.

पॅच टेस्ट, म्हणजे संशयित द्रव्य त्वचेवर पट्टीखाली ठेवून अ‍ॅलर्जी पाहण्याची चाचणी, लगेच करता येत नाही. तोंडाने घेतलेलं स्टेरॉइड अंगात असताना चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते आणि त्वचा पेटलेली असताना सगळंच लाल दिसतं. म्हणून पाच आठवडे थांबून एप्रिलच्या सुरुवातीला पाठीवर चाचणी घेतली. पीपीडी मलमासारख्या आधारात १ टक्का, शिवाय पर्याय म्हणून बाईंनी आणलेल्या मेंदी आणि नीळ (निळा रंग देणारी वनस्पती) यांच्या पावडरी स्वतंत्र चकत्यांवर. पट्ट्या ४८ तास ठेवल्या. ४८ तासांनी आणि पुन्हा ९६ तासांनी पाठ पाहिली. त्या दिवसांत पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. पीपीडीच्या जागी लाली, सूज आणि बारीक फोड आले, म्हणजे ठळक सकारात्मक. शुद्ध मेंदी आणि निळीच्या जागी फक्त रंगाचा डाग होता, खाज किंवा उंचवटा नाही.

डॉक्टरांनी अजून दोन गोष्टी विचारल्या, त्या इथे महत्त्वाच्या. पहिली, घरात कुणाला जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता आहे का? असेल तर मेंदीनेही रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. लहान मुलांच्या बाबतीत हे फार जपायला लागतं. बाईंकडे तसं कुणी नव्हतं. दुसरी, घसा सुन्न करणाऱ्या गोळ्या किंवा बेंझोकेन असलेलं मलम लावून कधी त्रास झाला का? बेंझोकेनची आणि पीपीडीची रचना जवळची असल्याने एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला दुसऱ्याचाही त्रास होऊ शकतो. काही कापडांच्या गडद रंगांचंही तसंच.

पर्याय

पॅच टेस्टचा निकाल हातात आला तेव्हा लग्नाला चार आठवडे उरले होते. कपाळावर बोटभर पांढरे केस उगवलेले, खाली जुना काळा रंग. सरळ पट्टा दिसत होता.

केस तसेच सोडायचे, असा मुलीचा आग्रह होता. वैद्यकीयदृष्ट्या तो सर्वांत सुरक्षित मार्ग. बाईंचं म्हणणं वेगळं होतं: "फोटोत मी तुझी आई दिसायला हवी, आजी नको." त्यांच्या केसांबद्दलचा निर्णय त्यांचाच असायला हवा, आणि तसाच तो धरला गेला.

गावातल्या पार्लरच्या ताईंनी सुचवलं, "बाई, अमोनिया-फ्री लावूया, सौम्य असतो." ही चूक बरेच जण करतात. अमोनियाचं मुख्य काम केसावरची खवली उघडणं. अ‍ॅलर्जी अमोनियामुळे होत नाही, रंगामुळे होते, आणि अमोनिया-फ्री रंगातही पीपीडी किंवा त्याच कुळातलं टोल्युइन-डायअमिन बहुधा असतंच. हा पर्याय पहिल्याच बैठकीत बाद केला. पीपीडीमध्ये थोडा बदल करून बनवलेले नवे रंग मिळतात, पण ते ज्यांना अजून अ‍ॅलर्जी झालेली नाही त्यांची शक्यता कमी करण्यासाठी. बाईंसारख्यांनी डॉक्टरांच्या चाचणीशिवाय त्यांना हात लावू नये.

नुसती मेंदी लावली तर पांढऱ्या भागाचा रंग गाजरासारखा झाला असता आणि खालचा काळा तसाच राहिला असता. लग्नापुरती मुळांवर लावायची रंगीत पावडर किंवा कांडी मिळते. तिच्यात बहुधा लोहाच्या ऑक्साइडचे रंग असतात आणि ती शाम्पूने धुतली जाते. ही ऐनवेळची सोय म्हणून राखून ठेवली.

उरला तो दोन पायऱ्यांचा मार्ग: आधी मेंदी, मग तिच्यावर निळीच्या पाल्याची पावडर. निळीच्या पानात इंडिकॅन असतं. पाणी मिळालं की ते फुटतं, हवेतला ऑक्सिजन लागला की निळा रंग बनतो. पांढऱ्या केसावर एकटी नीळ हिरवट-राखाडी निळा रंग देते. खाली मेंदीचा तांबडा असेल तर दोन्ही मिळून काळा दिसतो. दोन्ही वनस्पती, दोन्हींत पीपीडी नाही, अर्थात पावडर शुद्ध असेल तर. म्हणून पावडरींची पारख सर्वांत जास्त काळजीने केली होती.

पावडरची पारख

पॅच टेस्टला द्यायला म्हणून मार्चमध्येच मेंदीच्या दोन आणि निळीच्या दोन पावडरी गोळा केल्या होत्या. त्यातली एक मेंदी राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातल्या सोजतची. तिथल्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण मानांकन गावाच्या मालाला असतं, हातातल्या पुडीची खात्री त्याने होत नाही.

आधी घटक वाचले. मेंदीवर फक्त 'लॉसोनिया इनर्मिस', निळीवर फक्त 'इंडिगोफेरा टिंक्टोरिया' असं एकच नाव हवं. एका मेंदीच्या पुडीवर दहा औषधी वनस्पतींची नावं होती आणि शेवटी 'कलर'. ती बाजूला ठेवली.

मग वास आणि रंग. मेंदीची पावडर मळकट हिरवी, वाळलेल्या गवताच्या वासाची हवी. फार पोपटी हिरवी असेल तर वरून रंग मिसळलेला असण्याची शंका घ्यावी. निळीची पावडर हिरवट असते, निळी नाही. भिजवल्यावर तिला मटाराच्या शेंगा सोलताना येतो तसा वास येतो.

खरी परीक्षा पांढऱ्या केसांवर. बाईंचे पांढरे केस अजून फार आखूड होते, म्हणून जाऊबाईंच्या फणीत अडकलेले पांढरे केस जमवून त्यांच्या पेन्सिलीएवढ्या जाड बटा दोऱ्याने बांधल्या. चमचाभर मेंदी भिजवून एक बट तिच्यात २० मिनिटं ठेवली. खरी मेंदी २० मिनिटांत फिकट पिवळसर-नारिंगी डाग देते, त्याहून फारसं काही नाही. निळीच्या पहिल्या पुडीत ठेवलेली बट २५ मिनिटांत कुळकुळीत काळी झाली. नीळ एकटी असं करूच शकत नाही. ती पुडी टाकून दिली. पॅच टेस्टला ती गेली असती तर 'नीळही चालत नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघाला असता. घटकांत फक्त निळीचं नाव छापलेलं असूनही आत दुसरं काही असू शकतं, हे या एका बटेने दाखवलं.

दुसऱ्या निळीने दोन तासांत निळसर राखाडी रंग दिला आणि मेंदी लावलेल्या बटेवर दोन तासांत गडद तपकिरी-काळा. एक मर्यादा लक्षात ठेवावी: दुसऱ्याच्या केसांवर पावडरीची शुद्धता कळते, अंतिम छटा कळत नाही. केसाची जाडी आणि पोत माणसागणिक बदलतो.

पॅच टेस्ट नकारात्मक आल्यावरही दोन्ही लेप बाईंच्या कोपराच्या आतल्या बाजूला तासभर लावून धुतले आणि ७२ तास वाट पाहिली. डाग पडला, खाज नाही.

पहिला प्रयत्न आणि हिरवट कपाळ

एप्रिलच्या मध्यावर रविवारी पार्लरमध्ये ताईंनी काम हाती घेतलं. वाटी आणि ब्रश नवे आणले होते. जुन्या ब्रशच्या मुळाशी साठलेल्या डायमध्ये पीपीडी असू शकतो आणि अ‍ॅलर्जी असलेल्याला तेवढाही पुरेसा ठरतो, हे डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं होतं.

मेंदी १५० ग्रॅम घेतली. ताईंनी नेहमीच्या पद्धतीने तिच्यात दही, लिंबू आणि एक अंडं घातलं, आणि तासाभरात लावायला घेतली. केसांत ४५ मिनिटं ठेवली, साध्या पाण्याने धुतली. लगेच नीळ भिजवली आणि दीड तास ठेवली. धुतल्यावर मागचे केस गडद झाले होते. कपाळ आणि कानशिलं मात्र शेवाळी हिरवट-राखाडी. बाई आरशात बघून रडल्या. लग्नाला अडीच आठवडे उरले होते.

दुसऱ्या दिवशी थोडा फरक पडला, कारण निळीचा रंग हवेत एक-दोन दिवस पक्का होत जातो आणि हिरवट झाक कमी होते. पण कपाळाचा हिरवेपणा गेला नाही. मग एकेक गोष्ट तपासली.

आदल्या रात्री बाईंनी डोक्याला तेल लावून सकाळी एकदाच शाम्पू केला होता. केसावर तेलाचा थर होता. मेंदी नीट चिकटली नाही. पांढरे केस, विशेषतः कानशिलांवरचे, मुळातच हट्टी असतात.

मेंदी तासभरच भिजली होती, रंग पूर्ण सुटलाच नव्हता. त्यात दही आणि अंड्यातली प्रथिनं लॉसोनला धरून ठेवतात. जो रंग केसाच्या वाट्याला यायचा तो लेपातच अडकतो. केस मऊ व्हावेत म्हणून अंडं घालण्याची रीत जुनी आहे, पण रंग हवा असेल तर ती उलटी पडते.

४५ मिनिटांत पांढऱ्या केसाला जेमतेम पिवळा रंग चढला होता. पिवळ्यावर निळा बसला की हिरवाच दिसणार. या घोटाळ्याचं खरं कारण हेच. नीळ बिघडली नव्हती, तिच्याखाली तांबड्याचा पायाच नव्हता.

इथे दोन मार्ग होते. एक, पार्लरमध्ये रंग उतरवून नव्याने सुरुवात करायची. हा साफ नाकारला. ब्लीचने निळीचा रंग धड उतरत नाही, कधी उलट हिरवा पक्का होतो, आणि जुन्या काळ्या मेंदीत धातूचे क्षार असतील तर पेरॉक्साइडशी त्यांची क्रिया होऊन केस तापून तुटू शकतात. दुसरा, हिरव्यावर पुन्हा मेंदी, मग पुन्हा नीळ. तांबडा आला की हिरवा मरतो. हाच निवडला, पण तीन दिवस थांबून, आणि यावेळी आधी कानामागच्या एका छोट्या बटेवर करून.

दुसरा प्रयत्न: प्रमाण आणि पायऱ्या

बटेवर रंग बरोबर आला तेव्हाच पूर्ण डोकं घेतलं. पद्धत अशी.

आदल्या दिवशी दोन वेळा शाम्पू, कंडिशनर नाही, तेल नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी केस धुऊन टॉवेलने टिपून किंचित ओले ठेवले.

मेंदी १५० ग्रॅम मलमलच्या कापडातून चाळली, तिच्यात २ चमचे आवळा पावडर आणि साधारण ४५० मिली कोमट पाणी. इडलीच्या पिठापेक्षा जरा घट्ट होईपर्यंत पाणी थोडंथोडं घालायचं. लिंबाऐवजी आवळा घेतला, कारण लिंबू केस फार कोरडे करतं. एप्रिलच्या उकाड्यात झाकून साडेतीन तासांत रंग सुटला. हिवाळ्यात याला आठ ते बारा तास लागतात. रंग सुटल्याची खूण: लेपाची वरची साय तपकिरी होते आणि तळहातावर टेकवलेला ठिपका पाच मिनिटांत नारिंगी डाग देतो. त्यापुढे उघड्यावर फार वेळ ठेवली की रंग ओसरत जातो.

आधी कानशिलं आणि कपाळ, मग भांग, मग मागचा भाग, शेवटी लांबी. हट्टी केसांना सर्वांत जास्त वेळ मिळावा म्हणून हा क्रम. कपाळाच्या कडेला आणि कानांवर साधं पेट्रोलियम जेली. लेप जाड, अर्ध्या बोटाचा. वर प्लॅस्टिकची टोपी. लेप वाळला की रंग चढणं थांबतं. तीन तास ठेवली. ओल्या लेपाने डोकं गार पडतं, म्हणून दुपारची वेळ निवडली आणि पंखा बंद ठेवला.

धुताना फक्त पाणी, लेपाचा कण राहणार नाही इतकं. बादलीभर पाण्यात केस बुडवून हलवल्यावर लेप लवकर सुटतो. या टप्प्यावर कपाळाचे केस भडक तांब्याच्या रंगाचे झाले. बाई घाबरल्या, पण हवं होतं ते हेच.

मग नीळ १५० ग्रॅम, ४५० मिली कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ. आवळा नाही, लिंबू नाही. आंबटाने निळीचं बिघडतं. उकळतं पाणीही नाही. झाकून १५ मिनिटं. वर निळसर-जांभळट साय धरली की तयार. ही पाऊण तासाच्या आत संपवायची, कारण रंग वाटीतच पक्का झाला की केसात शिरत नाही. म्हणून ती दोन वेळा अर्धी-अर्धी भिजवली. निळीचा लेप रवाळ असतो, गळतो. जवस उकळून गाळलेलं चार चमचे बुळबुळीत पाणी त्यात घातलं तेव्हा तो धरला. क्रम तोच. दोन तास टोपीखाली.

धुतल्यावर रंग निळसर काळा दिसला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मऊ काळा. तीन दिवस शाम्पू नाही, तेल नाही. उशीवर जुना अभ्रा घातला, कारण पहिल्या दोन रात्री निळा डाग पडतोच.

कानशिलांवर उन्हात लालसर झाक राहिली. ती तशीच राहू द्यायचं ठरलं. तिसऱ्यांदा लावलं असतं तर केस आणखी कोरडे झाले असते.

लग्नाचा आठवडा

चार दिवस आधी फक्त मुळांना, ५० ग्रॅम मेंदी आणि ५० ग्रॅम नीळ, त्याच क्रमाने. आदल्या दिवशी नको, चार दिवस आधी, म्हणजे रंग पक्का होतो आणि बिघडलं तर दुरुस्तीला दिवस उरतात.

हातावरच्या मेंदीचा कुणी विचारच केला नव्हता. मेंदी काढायला आलेल्या मुलीने तयार कोन आणले: "काकू, दहा मिनिटांत गडद रंग येतो." बाईंनी कोन उलटसुलट पाहिला, घटक कुठेच लिहिलेले नव्हते. दहा मिनिटांत गडद होणारी मेंदी नुसती पानांची नसते. काही कोनांत पीपीडी असतो, काहींत तीव्र द्रावकं. बाईंनी घरातली सोजतची मेंदी बारीक चाळून, साखर आणि थोडं निलगिरी तेल घालून रात्रभर भिजवलेली स्वतःसाठी वापरली. सहा तास ठेवली. दुसऱ्या दिवशी तळहात लालभडक होता. विहीणबाईंनाही तीच लावली.

नंतरचे सहा महिने

एकदाही खाज किंवा पुरळ आलं नाही. तरी नव्या बॅचची पावडर आली की बाई कोपराची चाचणी आणि बटेची चाचणी दोन्ही करतात.

दर चार आठवड्यांनी दोन पायऱ्या म्हणजे रविवारचे सहा तास. शाळा सुरू झाल्यावर ते जमेना. जुलैपासून त्यांनी एकाच पायरीवर यायचं ठरवलं: मेंदी भिजवून रंग सुटल्यावर एक भाग, त्यात ऐनवेळी भिजवलेली नीळ दोन भाग, एकत्र करून दोन-अडीच तास. रंग गडद तपकिरी येतो, काळा नाही. खालचे जुने काळे केस दोनदा थोडेथोडे कापून टाकले, त्यामुळे फरक दिसत नाही. पावसाळ्यात ओला लेप तासन्‌तास डोक्यावर नको वाटतो, तेव्हा दोन वेळांत सहा आठवड्यांचं अंतर पडतं आणि मुळं पांढरी दिसतात. बाईंनी ते मान्य केलं आहे.

केस पूर्वीपेक्षा कोरडे आहेत, कुरळेपणा थोडा सैल झाला आहे. मेंदीचा थर वारंवार लांबीवर चढवला की हे होतं. म्हणून आता फक्त मुळांना लावतात आणि लांबीला तीन दिवसांनी तेल.

काय वेगळं करता आलं असतं

वर्षभर येणारी कानामागची खाज हा पहिला इशारा होता. रंग लावल्यानंतर एक-दोन दिवसांत कानामागे, मानेवर किंवा पापण्यांवर खाज आली तर तो रंग तिथेच थांबवायचा आणि पुडी जपून ठेवायची. तेव्हा थांबल्या असत्या तर पापण्या सुजण्यापर्यंत वेळ आली नसती.

पहिल्या पूर्ण लेपाआधी बाईंच्या स्वतःच्या, तेल लावलेल्या पांढऱ्या केसांवर बट करून पाहायला हवी होती. दोन तास वाचवायला गेलो आणि तीन दिवस हिरव्या कपाळात गेले, असं ताई आता त्यांच्या इतर गिऱ्हाइकांना सांगतात. त्यांनी पार्लरमध्ये मेंदीसाठी वेगळी वाटी, वेगळा ब्रश ठेवला आहे आणि 'काळी मेंदी' मागणाऱ्याला आधी पुडीचं मागचं पान वाचून दाखवतात.

वेळेचा हिशेब चुकला होता. पॅच टेस्ट एप्रिलमध्येच शक्य होती, पण पावडरी मार्चमध्येच हाताशी होत्या, तेव्हाच बटांच्या छटा ठरवता आल्या असत्या. लग्नासारखी तारीख असेल तर दोन पायऱ्यांची रंगीत तालीम किमान सहा आठवडे आधी हवी.

आणि कार्ड. डॉक्टरांनी निदान तोंडी सांगितलं, कागदावर उशिरा दिलं. मधल्या काळात दातांच्या डॉक्टरांकडे बाईंना ते नाव सांगता आलं नाही. आता पर्समध्ये एक कार्ड आहे. त्यावर लिहिलंय: पॅराफेनिलिनडायअमिनची अ‍ॅलर्जी, पॅच टेस्ट एप्रिल. केसांचा कुठलाही कायमस्वरूपी रंग, काळी मेंदी, घटक न लिहिलेला मेंदीचा कोन नको. बेंझोकेन असलेलं मलम किंवा गोळी देण्याआधी विचारा.